लंडनमधल्या युद्धविरोधी मोर्चाला जायचंय, कुणी गेलंय का?

सातारकन्या

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, सप्टेंबरपासून लंडनमध्ये एमएस्सी करतेय. पुढच्या शनिवारी युद्धबंदीच्या मागणीसाठी इथे मोर्चा आहे. वर्गातल्या काहीजणी चालल्यात आणि मलाही मनापासून जायचंय. रोज बातम्यांत ढिगाऱ्याखालून काढलेली मुलं बघून नुसतं बसवत नाही. पण मी कधीच मोर्चात चाललेले नाही. आई म्हणते, "परक्या देशात पोलिसांच्या नजरेत कशाला येतेस, व्हिसाचं काही झालं तर?" बाबा काही बोलत नाहीत, म्हणजे त्यांनाही पटलेलं नाही. दिवसभर नेमकं काय होतं? विद्यार्थी व्हिसावर जाणं ठीक आहे का? आणि खरं सांगा, याने काही होतं का?

वेम्बलीची मावशी

जा गं. आणि तासाभरात परतू नकोस, पूर्ण दिवस काढ.

मी १५ फेब्रुवारी २००३ च्या मोर्चात होते, इराकवरच्या हल्ल्याविरुद्धच्या. त्या दिवशी जगभर शेकडो शहरांत माणसं रस्त्यावर आली होती. लंडनचा आकडा पोलिसांनी साडेसात लाख सांगितला, आयोजकांनी वीस लाखांपर्यंत नेला. मी तेव्हा औषधांच्या दुकानात कामाला होते, शनिवारची सुट्टी मागून घेतली. शेजारच्या गुजराती बा सत्तरीच्या पुढच्या, त्याही निघाल्या. त्यांच्या पिशवीत थेपले, माझ्याकडे थर्मासात चहा.

एक मोर्चा गॉवर स्ट्रीटवरून निघणार होता, दुसरा थेम्सकाठच्या एम्बँकमेंटवरून. पिकॅडिली सर्कसला दोन्ही एकत्र येऊन पुढे हाइड पार्क. आम्ही मेट्रोपॉलिटन लाइनने युस्टन स्क्वेअरला उतरलो, पण बांना आधी टॅव्हिस्टॉक स्क्वेअरला जायचं होतं. तिथल्या बागेत मांडी घालून बसलेल्या गांधीजींचा पुतळा आहे. त्याच बागेत हिरोशिमाच्या बळींसाठी १९६७ साली लावलेलं चेरीचं झाड आहे, आणि विवेकाला स्मरून सैन्यात जायला नकार देणाऱ्यांच्या आठवणीचा एक मोठा दगड. बांनी त्या थंडीत बूट काढून पुतळ्याला नमस्कार केला. तुझा मोर्चा कुठूनही निघो, सकाळी तिथे जाऊन ये.

गॉवर स्ट्रीटवर आम्ही चाललो कमी आणि उभे जास्त राहिलो. हे लक्षात ठेव, कारण पहिल्यांदा येणाऱ्यांना वाटतं मोर्चा म्हणजे चालणं. चार पावलं पुढे, मग वीस मिनिटं तिथेच. पाय दुखतात ते थांबून. त्यामुळेच शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलणं होतं. आमच्या पुढे नॉर्थहून कोच करून आलेलं एक कुटुंब होतं, आजीपासून ढकलगाडीतल्या बाळापर्यंत. मागे मशिदीतून आलेल्या मुली, त्यांच्या बाजूला गळ्यात पांढरी पट्टी असलेले दोन पाद्री. ज्यांच्याशी बोलले त्यातले बहुतेक आमच्यासारखेच, पहिल्यांदा मोर्चात आलेले. 'नॉट इन माय नेम' हा फलक जिकडेतिकडे. लाल शिंतोडे उडालेला नुसता 'नो' होता. 'मेक टी, नॉट वॉर' हा बांना फार आवडला. मधूनच मागून कुठूनतरी आरोळी उठायची, आमच्या डोक्यांवरून पुढे निघून जायची, आणि मग फक्त ढोल.

हाइड पार्क मिळवायलाही भांडावं लागलं होतं. हिवाळ्यात गवत खराब होईल, लोक घसरून पडतील, असं कारण देऊन आधी परवानगी नाकारली होती. ओरड झाल्यावर दिली. आम्ही पोचलो तेव्हा उजेड जायला आला होता. टोनी बेन, जेसी जॅक्सन, हॅरॉल्ड पिंटर असे सगळे त्या दिवशी बोलले, पण आम्हाला लांबून तुटक तुटक शब्दच ऐकू आले. परत येणं हा वेगळाच उद्योग. जानेवारीत चॅन्सरी लेनला गाडी रुळावरून घसरल्यापासून सेंट्रल लाइन बंदच होती, म्हणजे पार्कजवळच्या मार्बल आर्च स्टेशनचा उपयोग नाही. बांना घेऊन बेकर स्ट्रीटपर्यंत चालत गेलो.

आता व्हिसाचं. शांततेने मोर्चात चालणं हा इथे कायदेशीर हक्क आहे आणि तो विद्यार्थी व्हिसावरच्या माणसालाही आहे. आयोजकांना सहसा सहा दिवस आधी पोलिसांना लेखी कळवावं लागतं. ठरलेला रस्ता आणि पोलिसांनी घातलेल्या अटी आदल्या दिवशी वाचून ठेव. कुणी गट वेगळ्या रस्त्याला वळला तर तू वळू नकोस. दुसऱ्याने दिलेला फलक वाचल्याशिवाय हातात घेऊ नकोस. बंदी असलेल्या संघटनेचं नाव किंवा चिन्ह मिरवणं हा इथे गुन्हा आहे, आणि गुन्हा सिद्ध झाला तर पुढच्या व्हिसा अर्जात तो सांगावाच लागतो. फिक्या निळ्या जाकिटातले पोलीस गप्पा मारायला येतात. ते पोलीसच असतात, नम्रपणे दोन शब्द बोलावेत आणि पुढे व्हावं. पाणी, खाणं, जुने, पायाला सवयीचे बूट, फोनच्या जादा चार्जची सोय, हे बरोबर असू दे. गर्दीत नेटवर्क जातं, तेव्हा मैत्रिणींबरोबर भेटायची जागा आधीच ठरव.

क्लाइडकाठी

त्याच दिवशी मी ग्लासगोत होतो, रुग्णालयात ज्युनिअर डॉक्टर. रात्रपाळी संपवून थेट ग्लासगो ग्रीनला गेलो. तिथून मोर्चा ज्या सभागृहाकडे गेला तिथे मजूर पक्षाची परिषद होती आणि पंतप्रधान ब्लेअर बोलणार होते. त्यांनी भाषण सकाळीच उरकलं, आम्ही पोचायच्या आत ते गेले होते. त्यांचा मुद्दा असा की रस्त्यावर दहा लाख आले तरी ते इराकचा हुकूमशहा सद्दाम याच्या युद्धांत मेलेल्यांपेक्षा कमीच. मला त्याचा आजही राग येतो. मेलेल्यांची संख्या ही आणखी माणसं मारायचा परवाना कशी होईल?

डोंबिवली फास्ट लोकल

मी दुसरी बाजू मांडतो. माझे वडील १९९० साली कुवेतमध्ये होते. सद्दामचं सैन्य घुसलं तेव्हा कमाई, सामान सगळं तिथेच टाकून इराकमार्गे अम्मानला पोचले. तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. असे सुमारे १,७०,००० भारतीय आणले गेले. आई दोन महिने देवापुढून उठली नव्हती. त्यामुळे सद्दामला हटवू नका म्हणणारा मोर्चा मला कधी पटला नाही. आणि शेवटी युद्ध थांबलं का? २० मार्चला बॉम्ब पडायला लागलेच.

वेम्बलीची मावशी

तुमच्या आईने काय सोसलं असेल ते कळतं. पण आम्ही सद्दामसाठी चाललो नव्हतो. आदल्याच दिवशी, १४ फेब्रुवारीला, संयुक्त राष्ट्रांचे शस्त्रतपासणी प्रमुख हान्स ब्लिक्स सुरक्षा परिषदेत इराकमधल्या तपासणीचा अहवाल देऊन आले होते. तपासणी पुरी होऊ द्या, एवढंच मागणं होतं. ज्या महाविनाशक शस्त्रांसाठी हल्ला केला, ती सापडलीच नाहीत. २०१६ साली ब्रिटनच्याच इराक युद्धाच्या चौकशीने, चिलकॉट चौकशीने, लिहून दिलं की शांततेचे मार्ग संपायच्या आत हल्ला केला. तोवर १७९ ब्रिटिश सैनिक गेले होते आणि इराकी किती गेले त्याचा धड हिशेबही नाही.

युद्ध थांबलं नाही, हे खरं. त्या बातम्या बघताना मी रडले. पण सातारकन्या, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच संपवायचं नाही. मोर्चानंतरच्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या कितीतरी जणांनी खासदाराला पत्रं लिहिली, मीही लिहिलं. युद्धाच्या प्रस्तावावर १८ मार्चला संसदेत मतदान झालं, त्यात मजूर पक्षाचे १३९ खासदार आपल्याच सरकारविरुद्ध गेले. आदल्या दिवशी रॉबिन कुक मंत्रिमंडळ सोडून बाहेर पडले होते. प्रस्ताव तरीही मंजूर झाला. मात्र २९ ऑगस्ट २०१३ ला सीरियावर हल्ल्याचा प्रश्न आला तेव्हा सरकार २७२ विरुद्ध २८५ असं हरलं. इराकची आठवण त्या सभागृहात बसली होती, असं माझं ठाम मत आहे. म्हणून मोर्चाहून आलीस की रविवारी खासदाराला पत्र लिही. तो दिवस वाया घालवू नकोस.

सातारकन्या

मावशी, क्लाइडकाठी, खूप आभार. डोंबिवलीकर दादा, तुमचं लिहिणंही आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग जा, पण रोज फोन करतेस त्या वेळेला कर." पण खासदार माझं का ऐकेल? मी इथली नागरिक नाही, मत थोडंच आहे?

वेम्बलीची मावशी

आहे! भारतीय म्हणजे राष्ट्रकुलातले नागरिक. व्हिसावर कायदेशीर राहत असलीस तर इथल्या संसदेच्या निवडणुकीतही तुला मत देता येतं. कित्येक विद्यार्थ्यांना हे कुणी सांगतच नाही. मतदारयादीत नाव ऑनलाइन नोंदवता येतं. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक विचारतात, नसेल तर तसं लिहायची सोय आहे. मतदानाला ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. आजच नोंदव, आणि पत्रात तुझा हॅरो, वेम्बली जो असेल तो घरचा पत्ता पिनकोडसकट घाल. पत्ता नसलेल्या पत्राला खासदाराच्या कचेरीतून सहसा उत्तर येत नाही.