'किड ए'मध्ये गिटार खरंच गेली का?

असं म्हटलं जातं की रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडने २००० च्या 'किड ए' या अल्बममध्ये गिटार टाकून दिली. हे अर्धंच खरं आहे. त्यातल्या 'ऑप्टिमिस्टिक' या गाण्यात ती ठणठणीत वाजते. बदलला तो गाण्याचा पाया. १९९७ च्या 'ओके कम्प्युटर' या आधीच्या अल्बमपर्यंत पाया गिटारचा होता. 'किड ए'च्या पहिल्याच गाण्यात प्रॉफेट-५ सिंथेसायझर आणि गायक थॉम यॉर्कच्या आवाजाचे कापून जोडलेले तुकडे आहेत. ठेका दहा मात्रांचा, पण झपतालाचे खंड शोधू नका, सापडणार नाहीत.

याच अल्बममधलं 'इडिओटेक' नीट ऐका. बँडच्याच जॉनी ग्रीनवुडने मॉड्युलर सिंथवर (सुटे भाग तारांनी जोडून वाजवायच्या सिंथेसायझरवर) केलेल्या सुमारे ५० मिनिटांच्या ध्वनिमुद्रणातून यॉर्कने एक छोटासा तुकडा उचलला. त्यातले ते चार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) संगीतकार पॉल लान्स्कीच्या १९७३ च्या रचनेतले, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आयबीएम मेनफ्रेम या भल्यामोठ्या संगणकावर तयार झालेले. म्हणजे २००० सालचा 'नवा' आवाज तेव्हाच सत्तावीस वर्षांचा होता!

अल्बममधलं ओंद मार्तनो हे इलेक्ट्रॉनिक वाद्य तर १९२८ चं. बोटातली अंगठी तारेबरोबर सरकवली की स्वर अखंड घसरतो, आपल्या मींडेसारखा. डाव्या हाताच्या कळीने आवाज लहान-मोठा करतात. 'हाऊ टु डिसअपिअर कम्प्लीटली'मध्ये ते तंतुवाद्यांत असं मिसळलंय की पहिल्यांदा वेगळं काढता येत नाही. हेडफोन लावा, आणि खाली चालू असलेली अकूस्टिक गिटारही ऐका.

२००३ च्या 'हेल टु द थीफ' या अल्बममध्ये गिटार पुन्हा पुढे आली, पण सिंथ गेले नाहीत.