पीईला मराठीत काय म्हणावं?

धरमपेठकर: आमच्या वाचनगटासाठी चिप कंपन्यांवर टिपण लिहितोय. 'पीई रेशो'ला 'किंमत-उत्पन्न गुणोत्तर' लिहिलं, तर शेजारच्या मावशींनी विचारलं, "उत्पन्न म्हणजे विक्रीच ना रे?" आता काय लिहू?

महालवाली: मावशींची शंका रास्त आहे. उत्पन्न म्हटलं की शेतकरी क्विंटल मोजतो, दुकानदार गल्ला. इथे खर्च, व्याज, कर जाऊन एका शेअरच्या वाट्याला उरलेला नफा हवा आहे. काही जण 'मिळकत' लिहितात, पण ती तर घरदार, जमीनजुमला. सरळ 'नफा' लिहा.

इतवारीकर: आणि गुणोत्तर काहून? 'पट' म्हणा. शेअर 600 रुपये, शेअरमागे वर्षाचा नफा 20, म्हणजे भाव नफ्याच्या 30 पट.

महालवाली: पट म्हटलं की आपल्याकडे बैलांच्या शर्यतीचा शंकरपट आठवतो हो भाऊ! शब्द मात्र चांगला आहे. घोळ 'पट उतरला' यात होतो, ऐकणाऱ्याला वाटतं शेअरच पडला. एनव्हिडिया या चिप कंपनीचं बघा. जानेवारी 2023 ला संपलेल्या आर्थिक वर्षात शेअरमागे नफा 1.74 डॉलर, पुढच्या वर्षी 11.93. नफा जवळपास सातपट, भाव साधारण तिप्पट. म्हणजे भाव चढला आणि पट निम्म्याच्याही खाली गेला. (हे आकडे जून 2024 च्या विभाजनाआधीचे, तेव्हा एका शेअरचे दहा झाले. विभाजनाने भाव आणि शेअरमागचा नफा दोन्ही दहाव्या हिश्शावर येतात, पट तोच राहतो.)

काटोलचा बागवाला: आमच्या भाषेत सांगतो. संत्र्याच्या बागेची किंमत आंबिया बहार गळला त्या वर्षीच्या कमाईने भागली तर बाग भलतीच महाग दिसते. बहार लदलदून आला की तीच बाग स्वस्त. झाडं तीच!

इतवारीकर: मेमरी चिपचं अगदी असंच, काका. मागणी वाढली की सगळ्याच कंपन्या कारखाने वाढवतात, ते उभे राहायला वर्षं लागतात, मग माल एकदमच बाजारात येतो आणि चिपचे भाव कोसळतात. म्हणून तिथे पट कमी दिसला की मी जास्त सावध होतो, कारण नफा तेव्हा शिखरावर असू शकतो. मायक्रॉनला 2023 च्या आर्थिक वर्षात 5.8 अब्ज डॉलरचा तोटा झाला. तिथे पट निघतच नाही. 'उणे पीई' लिहू नका, रेघ मारा.

धरमपेठकर: आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजावर काढलेला? 'भावी पट'?

महालवाली: भावी म्हटलं की चौकातला फ्लेक्स डोळ्यांपुढे येतो. 'अपेक्षित पट' बरा. आधीच झालेल्या नफ्यावर काढलेल्याला 'मागील बारा महिन्यांचा पट'. आलेखात दोन्ही एकाच रेषेत ओवू नका.

धरमपेठकर: 'भाव-नफा पट' लिहून मावशींना दाखवलं. "कशाला कशानं भागायचं ते कुठं आहे?" म्हणाल्या. आता स्तंभाचं नाव ठेवलंय: 'भाव नफ्याच्या किती पट'.