शहरी पाहुणे टीव्हीवरच्या रँचवर : यात रँच (अमेरिकेतला गुरांचा मोठा मळा) कुठे दिसतं?

बांधावरून : 2003 साली 'द सिंपल लाइफ' या रिअॅलिटी शोमध्ये पॅरिस हिल्टन आणि निकोल रिची या श्रीमंत घरच्या मुली अमेरिकेत आर्कान्सातल्या अल्टस गावी महिनाभर राहिल्या. तेव्हापासूनचा साचा ठरलेला: शहरी माणूस शेणात घसरतो, गाय लाथ मारते, आपण हसतो. पण लाथ का मारली, हे कोणी दाखवत नाही. धार काढायची तर कास धुवून पुसल्यावर मिनिटभर थांबायचं, मग पान्हा उतरतो. त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. तेवढ्यात दिवे, बूम माईक (लांब दांडीवरचा माईक), किंचाळणारी पाहुणी! बुजलेली गाय पान्हा चोरणारच. कासेत उरलेल्या दुधाने पुढे दगडी (कासेची सूज) होण्याचा धोका, तो निस्तरायला कॅमेरेवाले थोडेच थांबतात? हे शिकवणं नव्हे, जनावराला त्रास आहे.

गंजीवाला : सगळ्यांना एकाच दावणीला बांधू नका. पीबीएस या अमेरिकी वाहिनीचं 2002 चं 'फ्रंटियर हाउस' बघा. मोंटाना राज्य, 1883 मधल्यासारखं जगायचं, तीन कुटुंबं, पाच महिने. शेवटी तज्ज्ञांनी तपासलं काय, तर हिवाळा निघेल का: सरपण, वैरण, अन्न. रँचचा खरा हिशोब हाच. 500 किलोच्या गाईला दिवसाला 12 किलो वाळलं गवत धरा. पाच महिने बर्फ म्हणजे 1,800 किलो, नासधूस धरून दोन टन. एका गाईला! ते गवतही नीट वाळवून रचायचं. पाणी 18 टक्क्यांच्या वर राहिलं की गंजी आतून तापते, बुरशी धरते, कधी पेटतेही. ओलं लाकूड तर ऐन थंडीत नुसतं धुमसतं.

बांधावरून : हिशोब मान्य. पण हिवाळा आला कुठे? तो यायच्या आत सगळे घरी. रँचवाल्याची झोप उडते ती गाई व्यायच्या दिवसांत, तो भाग चित्रीकरणात नाहीच. पेपर न देता निकाल!

तंग-लगाम : दोघांच्या मधलं बोलतो. पीबीएसचंच 2006 चं 'टेक्सास रँच हाउस' असंच, पण 1867 सारखं जगायचं होतं. जोसेफ ग्लिडन या अमेरिकी शेतकऱ्याला काटेरी तारेचं पेटंट मिळालं 1874 ला, म्हणजे 1867 ला त्या तारेचं कुंपण नाहीच. गुरं झुडपांतून शोधून आणणं हेच मुख्य काम, आणि ते घोड्यावरून. इथे नवख्यांची चूक ठरलेली: थेट मागून आरडाओरडा करत धावायचं. गाईला बाजूचं खूप दिसतं, बरोब्बर मागचं नाही. मग ती वळून बघते नाहीतर कळप फुटतो. तिच्या खांद्याच्या जरा मागे, कडेला उभं राहिलं की ती पुढे जाते. खांद्याच्या पुढे गेलात की थांबते, मागे फिरते. एकदा उधळली की शांत व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. टीव्हीवर तेवढ्यात जाहिरात.

तंगाचंही (खोगिराचा पोटपट्टा) तेच. खोगीर घालताना घोडा पोट फुगवतो. तंग आवळा, दहा पावलं चालवा, पुन्हा आवळा, मगच रिकिबीत पाय. दुसरं आवळणं विसरलं की खोगीर पोटाखाली, स्वार जमिनीवर. एडिटर खूश!

गंजीवाला : असलं बारीकसारीक दाखवलं तर कोण बघेल, असं कोणी विचारेल. मी बघेन. 'टेक्सास रँच हाउस'मध्ये मालक आणि काऊबॉय यांचं फाटलं, तोही रँचचाच भाग. गडी टिकवता येणं हे कौशल्य नाही का?

गोठेकरीण : आपल्याकडे झी मराठीवर 'जाऊ बाई गावात' झालं, त्यालाही हाच प्रश्न विचारा. शहरी मुलीने शेण उचललं की टाळ्या. गावातली बाई ते रोज पहाटे उचलते, तिच्या वाट्याला पार्श्वसंगीत नाही. माझं म्हणणं साधं आहे: स्पर्धकाला गुण द्यायचे तर लिटरवर द्या. त्याच गाईचं, त्याच वेळेचं, नेहमीच्या माणसाने काढलेलं दूध किती आणि पाहुण्याने काढलेलं किती?

बांधावरून : हे पटलं. फक्त आदल्या आठवड्याची सरासरी धरा, एका धारेवर काही कळत नाही.

गंजीवाला : आणि बूम माईक गोठ्याबाहेर!