जर्मनीचं रेडिओ घड्याळ पुण्यात चालेल का?

कोथरूडकर: भावाने जर्मनीहून डीसीएफ-७७ चं, म्हणजे तिथल्या रेडिओ सिग्नलवरून आपोआप वेळ जुळवणारं, भिंतीवरचं घड्याळ आणलंय. सेल घातला की काटे बारावर जाऊन थांबतात. खिडकीत ठेवूनही तेच. काही उपाय?

फेराइट: खिडकीचा उपयोग नाही. सिग्नल फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून ७७.५ किलोहर्ट्झवर निघतो. पल्ला साधारण २००० किमी, पुणे त्याच्या तिप्पट लांब. तोच सिग्नल घरी तयार करा.

ईएसपी३२ हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड वायफायवरून एनटीपीची (इंटरनेटवरची अचूक) वेळ घेतो आणि एका पिनवर ७७.५ किलोहर्ट्झ पीडब्ल्यूएम, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होणारी लहर, काढतो. पिनला ३३० ओहमचा रेझिस्टर, पुढे जुन्या रेडिओतली फेराइट दांडीवरची कॉइल, तिचं दुसरं टोक ग्राउंडला. सगळं तपकीर गल्लीत मिळेल. दर सेकंदाला एक बिट जातो: सुरुवातीला लहर १०० मिलिसेकंद बंद म्हणजे ०, २०० म्हणजे १. ५९व्या सेकंदाला मात्र बंद करायची नाही, त्यावरूनच घड्याळ मिनिट ओळखतं. आणि पाठवायची वेळ चालू मिनिटाची नव्हे, येणाऱ्या मिनिटाची! इथे चुकलं की घड्याळ कायम एक मिनिट मागे.

साडेपाच: घड्याळातल्या टाइम झोनच्या नादी लागू नका, तो सहसा पूर्ण तासांनीच सरकतो. जर्मनीशी आपला फरक हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) १९८०० सेकंद मिळवून भारतीय वेळच जर्मन वेळ म्हणून पाठवा. बिट १७ शून्य आणि १८ एक (म्हणजे जर्मन हिवाळी वेळ), बारा महिने तसेच.

कोथरूडकर: सगळं जोडलं. दहा मिनिटं झाली, काटे अजून बारावरच.

फेराइट: कॉइलची दांडी घड्याळातल्या अँटेनाच्या दांडीला समांतर हवी, काटकोनात जवळजवळ काहीच पोचत नाही. अंतर ५ ते १० सेंमी. बोर्ड मोबाइल चार्जरवर असेल तर पॉवर बँकवर घ्या, चार्जरचा गोंगाट याच पट्ट्यात येतो. जवळचा एलईडी दिवाही बंद करा. एकदा प्रयत्न फसला की घड्याळ बराच वेळ ऐकतच नाही, म्हणून आधी बोर्ड सुरू करा, मग सेल काढून पुन्हा घाला. काटे हाताने फिरवू नका. लांब वायर किंवा अॅम्प्लिफायर अजिबात नको, ते विनापरवाना प्रक्षेपण ठरेल.

कोथरूडकर: दांडी समांतर केली, सहाव्या मिनिटाला काटे धावले! आता बोर्ड बंद केला तर चालेल?

साडेपाच: रात्री सुरू ठेवा, बहुतेक घड्याळं मध्यरात्रीनंतर वेळ जुळवतात. एखादी रात्र हुकली तरी आतल्या क्वार्ट्झमुळे फार तर सेकंदभर फरक पडेल. सेल अल्कलाइन घाला, १.२ व्होल्टचे रिचार्जेबल नकोत. दरवर्षी पावसाळ्याआधी बदला, जुना सेल दमट हवेत पाझरला तर पत्र्या गंजतात.