लहान मुलांना घेऊन परदेशी जायचं की नाही, तुम्ही कसं ठरवलंत?

केतकी
काल रात्री धाकट्या भावाचा फोन होता. जर्मनीची ऑफर आलीये, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा तिथला नोकरीचा परवाना) जाता येईल. मोठी नऊ वर्षांची, धाकटा अडीचचा. "ताई, तुम्ही तेव्हा कसं ठरवलं होतंत गं?" एवढंच विचारलं आणि माझी झोप उडाली.

आमचंही अगदी असंच होतं. मुलगी बालवाडीत होती. तिचा जन्मदाखला, आमचा लग्नाचा दाखला, दोन्ही आधी राज्यस्तरावर साक्षांकित करून मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल (कागद परदेशात चालावेत म्हणूनचा शिक्का) करून घेतलेले. शेवटी गेलो नाही. "का नाही?" असं ज्याने त्याने विचारलं आणि आम्ही प्रत्येकाला वेगळं कारण सांगितलं. सासऱ्यांची तब्येत, थंडी, घराचं कर्ज. खरं कारण एकच होतं. तिकडे गेल्यावर कोणाचं काय, असे आम्ही तिघांचे तीन रकाने करून बसलो होतो. नवऱ्याच्या रकान्यात भराभर भरत गेलं, लेकीच्याही. माझ्या रकान्यात फक्त "बघू" लिहिलेलं. त्याने ते वाचलं, लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, हे असं नको.

मला सल्ले नकोत, अनुभव हवेत. गेलात, नाही गेलात, जाऊन परत आलात, सगळ्यांचे. नेमकं कशावर ठरलं? भावाला हा धागाच पाठवणार आहे.

वाटसरू
मोठी नऊ वर्षांची हे वाचून लगेच लिहायला बसलो. जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांना अभ्यासातल्या प्रगतीनुसार वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत घालतात. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर. म्हणजे नवव्या वर्षी नेलं तर भाषा शिकायला जेमतेम वर्ष मिळतं आणि लगेच शिक्षक शिफारस देतात. बायर्नमध्ये (बव्हेरिया) तर गिम्नाझियुमसाठी, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेसाठी, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी २.३३ मागतात (तिथे १ म्हणजे सगळ्यात चांगला).

आमच्या मुलाला आम्ही याच वयात नेलं. गणितात वर्गाच्या पुढे होता, पण शाब्दिक उदाहरण आलं की गप्प. एकदा वहीत त्याने आकडेमोड पूर्ण बरोबर केली होती आणि उत्तराचं वाक्य लिहायची ओळ तेवढी रिकामी. बाईंनी तिथे पेन्सिलने छोटंसं प्रश्नचिन्ह काढलेलं. ते पाहून माझ्या पोटात तुटलं.

पण पुढचंही सांगतो. गिम्नाझियुम नाही मिळालं म्हणून दार बंद होत नाही. गेझाम्टशुलेतून (सगळ्या मुलांची एकत्र शाळा) आबिटुअरपर्यंत (विद्यापीठ प्रवेशाची शालान्त परीक्षा) जाता येतं, आमचा तोच रस्ता चाललाय आणि मजेत आहे. भावाला म्हणावं पगाराआधी राज्य कोणतं ते बघ.

मोरपीस
वाचतेय. बाळ झोपलं की लिहिते.

तिन्हीसांज
केतकी, ते "बघू" वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी त्या "बघू"वर अमेरिकेला गेले.

मी दंतवैद्य. नवरा एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), मी एच-४वर (त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांचा), मुलगी तीन वर्षांची. २०१५ पासून एच-४वाल्यांना काम करता येतं, हे सगळे सांगतात. त्याआधी सहसा नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज) मंजूर व्हावा लागतो, हे फार कमी जण सांगतात. आणि दंतवैद्याला नुसता परवाना मिळवायचा तरी बहुतेक राज्यांत तिथलंच शिक्षण पुन्हा घ्यावं लागतं, दोन-तीन वर्षांचं. लेकीच्या शाळेचा फॉर्म भरताना "आईचा व्यवसाय" या ओळीवर पेन टेकवून बसले होते. ती शेजारून म्हणाली, "आई, लिही ना डॉक्टर." मी लिहिलं.

आता काम करते, सगळं छान आहे. पण जी कोणी निघाली असेल तिने आपल्या व्हिसाचे नियम स्वतः वाचावेत, नवऱ्याकडून ऐकू नयेत. एल-१वर (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) जात असाल तर एल-२ जोडीदाराला २०२१ पासून वेगळी परवानगी न काढता काम करता येतं. एका अक्षरावर बाईची कितीतरी वर्षं इकडची तिकडे होतात.

खटपट्या
तिन्हीसांज +१

जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला आल्या दिवसापासून काम करता येतं, व्हिसाआधी ए१ची (जर्मन भाषेची पहिली पातळी) परीक्षाही लागत नाही. त्यामुळे केतकीच्या भावजयीचं गणित वेगळं आहे. फक्त पाळणाघर. २०१३ पासून मूल एक वर्षाचं झालं की किटाच्या (तिथलं पाळणाघर) जागेवर कायद्याने हक्क आहे, पण हक्क असणं आणि जागा मिळणं यात शहरानुसार महिनोन्महिने जातात. पत्ता हातात आला की त्याच आठवड्यात नाव नोंदवा. अडीच वर्षांच्याला किटा मिळाली नाही तर वहिनी घरी बसणार, ब्लू कार्ड काहीही म्हणो.

आम्ही यूकेला आलो. सगळे पगार आणि घरभाडं बघतात, आम्हाला धक्का दिला तो आरोग्य अधिभाराने, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायच्या रकमेने. मोठ्यांना वर्षाला १,०३५ पाउंड, मुलांना ७७६, आणि व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्यांचे एकदम आधी भरायचे. दोघं आणि दोन मुलं, पाच वर्षं म्हणजे १८,११० पाउंड. कंपनी कुटुंबाचा भरणार का, हे ऑफर लेटरवर लिहून घ्या, तोंडी नको.

आजोबा७०
मी पलीकडच्या बाजूने लिहितो. मुलाने विचारलं होतं, "बाबा, जाऊ का?" हा प्रश्न आईबापांना विचारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नाही म्हणावं तर त्याच्या वाटेत आलो, हो म्हणावं तर घर रिकामं. मी हो म्हणालो आणि मनापासून म्हणालो. नात चार वर्षांची होती. आता कॅनडात पहिलीत आहे. व्हिडिओ कॉलवर मला वाचून दाखवते, अडली की मी सांगत नाही, थांबतो. तिला आवडतं ते.

आमच्या ह्यांना, म्हणजे सौ.ना, तिकडे जास्त दिवस राहायचंय. सुपर व्हिसाबद्दल (आईवडील, आजीआजोबांना जास्त काळ राहू देणारा कॅनडाचा व्हिसा) कोणाला नक्की माहिती आहे का? मुलगा पीआर (कायमचा रहिवासी) आहे.

अनघा_ल
आमचं उलट झालं, मुलांनी ठरवलं. सिंगापूरला होतो, पीआरचा अर्ज करायची वेळ आली. मुलगा दहाचा. पीआर घेतला की आईवडिलांमार्फत पीआर झालेल्या मुलाला अठराव्या वर्षी दोन वर्षं नॅशनल सर्व्हिस, म्हणजे सक्तीची लष्करी वा तत्सम सेवा, लागू होते. त्याबद्दल वाईट काहीच नाही, तो देश तसाच उभा राहिलाय. पण आपल्या मुलाच्या अठराव्या वर्षाचा निर्णय त्याच्या दहाव्या वर्षी आपण घ्यायचा? त्याला शेजारी बसवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी इथे राहणार आहे की आपण राहणार आहोत?" आम्हा दोघांना उत्तर देता आलं नाही. वर्षभरात परत आलो.

परत येणं जाण्याइतकंच मोठं काम आहे, त्यावर कोणी बोलत नाही. धाकटीला वर्गात सगळे हसायचे, तिच्या बोलण्याला. सहा महिने लागले तिला रुळायला. "मुलं लहान आहेत, पटकन रुळतात" हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. रुळतात, पण पटकन नाही. आपल्याला दिसत नाही एवढंच.

मोरपीस
झोपलं एकदाचं. अनघा, शंभर टक्के. मी बालरुग्ण विभागात नर्स आहे आणि स्वतःच्या लेकालाही दुसऱ्या भाषेच्या पाळणाघरात घातलंय. नवी भाषा कानावर पडायला लागली की बरीच मुलं काही आठवडे, कधी कधी काही महिने तिथे तोंडच उघडत नाहीत. घरी चुरूचुरू बोलतात, तिथे मौन. ते ऐकत असतात, साठवत असतात. घरी आपली भाषा सोडून तिकडची बोलायला लागू नका, त्याने ना ही धड ना ती. घरीही बोलायचं थांबलं किंवा मौन लांबतच गेलं तर मात्र दाखवून घ्या.

आणि लसीकरणाची फाईल! मूळ कागद हातातल्या बॅगेत ठेवा. जर्मनीत मार्च २०२० पासून किटात आणि शाळेत जाताना गोवराच्या लशीचा पुरावा मागतात, दोन वर्षांपुढच्या मुलाला दोन डोस. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवराचा डोस मोजतच नाहीत. आणि आपल्या मुलांना बीसीजी (क्षयावरची लस) दिलेली असते, त्यामुळे हातावर करतात ती क्षयाची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. घाबरू नका, रक्ताची इग्रा चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. आमच्या शेजारणीच्या मुलाला उगाच एक्सरेपर्यंत नेलं होतं.

उठला वाटतं. येते.

प्राजक्त
एकटी आई आहे कोणी इथे? मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितेय. घटस्फोट झालेला, मुलाचा ताबा माझ्याकडे, तरी कॅनडाच्या अर्जात वडिलांची लेखी संमती मागितली. आयएमएम ५६०४ नावाचा फॉर्म असतो, सोबत न येणाऱ्या पालकाने भरायचा. ज्या माणसाशी दोन वर्षं बोलले नव्हते त्याला फोन केला. तो अर्धा तास गप्प, मग म्हणाला, "त्याला पोहायला घालशील ना तिथे?" सही दिली. मी फोन ठेवून खूप रडले.

घातलंय पोहायला.

तिन्हीसांज
प्राजक्त 🌸 तुला आणि त्यालाही.

वाटसरू
प्राजक्त, काय लिहिलंयस.

खटपट्या
आजोबा, सुपर व्हिसा: मुलगा किंवा नातवंड पीआर वा नागरिक हवं, ते आहेच तुमचं. २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. तुमच्यासाठी खाजगी आरोग्य विमा लागतो, किमान एक वर्षाचा आणि निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा. मुलाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर असावं लागतं, त्याचे कागद आणि निमंत्रणपत्र तो पाठवेल. वैद्यकीय तपासणीही होते. काकूंना आधीचा काही आजार असेल तर विमा घेताना तो आणि चालू असलेल्या गोळ्या लिहून द्याच, लपवलं तर दाव्याच्या वेळी अडतं.

आजोबा७०
फार उपकार. सौ.ला थायरॉईड आहे, तसं लिहायला सांगतो. खटपट्या, तुम्ही नावाप्रमाणे आहात.

अभ्रक
आम्ही न गेलेले. पश्चात्ताप अजिबात नाही. सगळे "मुलांच्या भवितव्यासाठी" म्हणत होते. आमच्या मुलीला ऐकू कमी येतं, तिची स्पीच थेरपिस्ट सुरुवातीपासून एकच आहे आणि दोघींचं मेतकूट जमलंय. ते मोडून कुठेही जायचं नव्हतं. ऑफरवर नाही म्हणायला आम्हाला एक रात्रसुद्धा लागली नाही.

अवांतर: मुलीने काल पहिल्यांदा फोनवर मावशीशी सलग गप्पा मारल्या. कोणाला तरी सांगायचं होतं.

अनघा_ल
अभ्रक, हे अवांतर नाही. मस्त!! फोनवर म्हणजे ओठ न बघता! केवढी मोठी गोष्ट आहे.

मोरपीस
अभ्रक ❤️❤️

देवचाफा
नागरिकत्वाचं कोणी लिहिलं नाही म्हणून पटकन, स्टेशन येतंय. जर्मनीत जून २०२४ पासून पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं आणि त्यांच्या बाजूने दुहेरी चालतं. आपल्या बाजूने चालत नाही. त्यांचं घेतलं की आपला पासपोर्ट जमा, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड). मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मुलांचं काय करायचं यावर आमच्याकडे गेले वर्षभर चर्चा चालू आहे, बायको एका बाजूला, मी एका. भावाने आत्ताच डोकं शिणवू नये, पण हा विषय एक दिवस येणार.

केतकी
सगळ्यांचं वाचलं. दुपारपासून कामात लक्ष नाही माझं.

भावाला धागा पाठवला आणि त्याच्याआधी भावजयीचा फोन आला. ती आर्किटेक्ट आहे. म्हणाली, "ताई, तुम्ही 'बघू' लिहिलं होतंत, मला तर कोणी रकानाच दिला नाही." बोलली ते चांगलं झालं. आता दोघं एकत्र बसणार आहेत. तिचा प्रश्न असा की तिकडे तिची पदवी चालते का? नुसती नोकरी नाही, काम तिच्या क्षेत्रातलंच हवंय तिला.

वाटसरू
माझी बायको आर्किटेक्ट! आधी आनाबिन या जर्मन डेटाबेसमध्ये तिचं विद्यापीठ आणि पदवी शोधायला सांगा, फुकट आहे. नावापुढे "आर्किटेक्ट" लावायला राज्याच्या आर्किटेक्टेनकामरमध्ये (आर्किटेक्टांची अधिकृत संस्था) नोंदणी लागते, पण एखाद्या ऑफिसात त्या कामाला लागायला ती नोंदणी लागत नाही. बायको तशीच लागली, आधी ड्रॉइंगं, मग साईट. अडसर भाषेचा आला. साईटवरचे सुतार-गवंडी इंग्रजीत बोलत नाहीत, जर्मनची बी२ पातळी होईपर्यंत तिला बैठकांना बसवत नव्हते. निघायच्या आधी इथेच बी१ करून घेतलं तर वर्ष वाचेल. बायकोचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो, जर्मन वेळेनुसार आठनंतर कधीही फोन करायला सांगा, तिला आवडेल बोलायला.