चेकिंगची रांग लांबते ती कुणामुळे?

मांडवीकाठ
गोव्यातलं मोपा विमानतळ असो की दाबोळी, चेकिंगच्या रांगेत लोक जवानांवर चिडतात. हा राग चुकीच्या जागी निघतो. लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक, पट्टा, पाकीट ट्रेमध्ये वेगळं ठेवायचं, हे बऱ्याच प्रवाशांना कळतं ते थेट एक्स-रेच्या तोंडाशी. मग बॅगेच्या तळातून वायरी उपसणं सुरू होतं आणि मागचे वीसजण खोळंबतात. हे सगळं मोठी बॅग देतो त्या काउंटरवर मराठी-कोंकणीत ठळक लिहिलेलं हवं. तिथे सामान इकडचं तिकडे करता येतं. मोठी बॅग पट्ट्यावरून गेली, की केबिनमध्ये न चालणारी वस्तू बहुतेकदा टाकूनच द्यावी लागते.

काजूबोंड
अजिबात पटत नाही. काउंटरवर मनाई असलेल्या वस्तूंचं चित्रांचं कार्ड पुढे करतात; न वाचता "नाही, नाही" म्हणून मान हलवणारे आपणच. फेणीचंच घ्या. २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू चेक-इन बॅगेत माणशी ५ लिटरपर्यंत नेता येते, पण दुकानातल्या मूळ सीलबंद बाटलीत. काजू फेणी ४२ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ७५० मिलीच्या सहा बाटल्या बसतात, सातवी नाही. तरीही पाण्याच्या जुन्या बाटलीत भरलेली घरची फेणी कपड्यांत गुंडाळून आणतातच. ते झाकण विमानातल्या कमी दाबाला पाझरतं, आणि वास आला की बॅग बाजूला.

झुआरीपलीकडे
दोघेही यंत्राला विसरताय. साध्या एक्स-रेत एका-दोन बाजूंनीच चित्र मिळतं. लॅपटॉपची बॅटरी आणि सर्किट तिथे गडद दिसतं, त्याखाली काय आहे ते कळत नाही. म्हणून तो बाहेर काढायला लावतात. सीटी यंत्र बॅगेचं त्रिमिती चित्र देतं, मग लॅपटॉप आत राहिला तरी चालू शकतो. रांग कमी करायची तर खर्च तिथे करा. डिजियात्राचा इथे काही उपयोग नाही. ते चेहरा ओळखून दार उघडतं, बॅग तपासत नाही.

मांडवीकाठ
यंत्राचं मान्य. पण सुक्या खोबऱ्याचं काय? ते केबिनमध्येही नाही, चेक-इनमध्येही नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून जगभर धोकादायक मालात धरतात. हे कारण पाटीवर असतं का? शबरीमलाच्या भाविकांना २०२४ च्या हंगामात इरुमुडीतला (डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला) नारळ तपासणी करून केबिनमध्ये नेऊ दिला. मग इतर नारळवाले भांडणारच. नुसती मनाई लिहून भागत नाही, कारणही लिहा.

काजूबोंड
कारण सांगूनही फरक पडत नाही, पॉवर बँक बघा. सामानकक्षात लिथियम पेटलं तर तिथे कुणी पोचत नाही, केबिनमध्ये कर्मचारी विझवू शकतात. म्हणून ती हातातल्या बॅगेतच हवी. हे वर्षानुवर्षं सांगतात. तरी ती मोठ्या बॅगेत सापडते आणि मालकाला बॅग उघडायला परत बोलावतात.

झुआरीपलीकडे
हातातली पॉवर बँकसुद्धा अडकते, क्षमतेचे छापील आकडे पुसले गेले तर. १०० वॅट-अवरपर्यंत चालते. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १००० म्हणजे ७४ वॅट-अवर, आरामात बसते. पण आकडाच दिसत नसेल तर जवानाने हिशेब कशाचा करायचा? आणि नेमकी हीच गोष्ट कुठल्या पाटीवर नसते. इथे मांडवीकाठ यांचं बरोबर आहे.