वहिनीच्या इकोत हृदयाची मायट्रल झडप 1.3 आली, बाळाचा विचार आहे. पुढे काय करावं?

मानेवाडा_रोड: वहिनी 26 वर्षांची. तपासताना मर्मर (हृदयाचा जादा आवाज) ऐकू आला म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. रिपोर्ट: 'मॉडरेट मायट्रल स्टेनोसिस, झडप 1.3 चौ. सेंमी, मीन ग्रेडियंट 8', म्हणजे झडप मध्यम अरुंद आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला सरासरी फरक 8. जिना चढताना धाप लागते. मर्मर हळूच आहे म्हणतात. मॉडरेट आहे तर थांबता येईल का? नागपुरात कुठे दाखवावं?

शंकरनगर: ताई, थांबू नका. बऱ्याच रिपोर्टांत अजून जुनी वर्गवारी चालते, आता 1.5 किंवा त्याहून कमी झडप गंभीर धरतात. निरोगी झडप 4 ते 6 असते. मर्मर हळू आहे यावरही जाऊ नका, या आजारात आवाज बारीक असूनही झडप फार अरुंद असू शकते.

गरोदरपणात रक्त 40-50 टक्के वाढतं, ठोकेही वाढतात. ठोके वाढले की दोन ठोक्यांमधला वेळ आखूड होतो, अरुंद झडपेतून रक्त उतरायला सवड मिळत नाही आणि ते मागे फुफ्फुसांत तुंबतं. म्हणून झडपेचं काम आधी, बाळ नंतर. तोवर गर्भनिरोधनासाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या मात्र नकोत, त्यांनी गुठळीचा धोका वाढतो.

इको_खोली: रिपोर्टात अजून तीन गोष्टी बघा. ग्रेडियंटसोबत ठोके लिहिलेत का? 8 हा आकडा 65 ठोक्यांवर वेगळा आणि 110 वर वेगळा. दुसरं, विल्किन्स स्कोअर, म्हणजे झडप किती खराब आहे याचे गुण: झडपेची हालचाल, जाडी, साचलेला चुना (कॅल्शियम) आणि झडपेला धरणाऱ्या खालच्या दोऱ्या, प्रत्येकी 1 ते 4 गुण. बेरीज 8 पर्यंत असेल तर बलून (नळीतून फुगा नेऊन अरुंद झडप उघडणं) चांगला बसतो. तिसरं, झडप गळते का? गळती मॉडरेट किंवा जास्त असेल तर बलून टाळतात. बलूनआधी अन्ननलिकेतून इको करून हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात गुठळी नाही ना, हे पाहावंच लागतं.

मानेवाडा_रोड: झडपच बदलली तर?

शंकरनगर: बलून जमत असेल तर तोच बरा. धातूच्या झडपेला रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर लागते, आणि वॉरफरिन सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाला अपाय करू शकतं.

मेडिकल_चौक: मेडिकलचं (सरकारी मेडिकल कॉलेजचं) सुपर स्पेशालिटी किंवा मिहानमधलं एम्स, कार्डिओलॉजी ओपीडीत दाखवा. इकोची सीडी न्या, नुसता कागद नको. बलून नियमित होतात का, हे थेट विचारा. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला (दवाखान्यातला योजनेचा मदतनीस) भरती व्हायच्या आधी भेटा; महात्मा फुले योजनेची मंजुरी आधी लागते.

इको_खोली: दुखणं संधिवाताच्या तापातून आलं असेल तर तो ताप परत येऊ नये म्हणून बेंझाथिन पेनिसिलीनचं इंजेक्शन विचारा: मोठ्यांना 12 लाख युनिट, दर 21 दिवसांनी, बलून झाल्यावरही आणि गरोदरपणातही. ॲलर्जीचं आधी सांगा, टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. औषध घट्ट असतं. विरघळवून ठेवलं की तळाशी बसतं आणि सुई तुंबते. नर्सला कालवल्याबरोबर, खोल स्नायूत, हळू द्यायला सांगा.